‘आउटस्टँडिंग’ म्हणजे थकलेलं नव्हे



मागच्या अंकात आपण ठराव कसा लिहायचा ते पाहिलं. या वेळी एकच इंग्रजी शब्दजोडी घेऊ. बँकेत गेलात की काउंटरवर ती कानावर पडते, मोबाइलवर मेसेजात येते, कर्जाच्या फॉर्मात तिच्यासाठी रकाना असतो आणि आपल्या इतिवृत्तातही ती येऊन बसली आहे: ‘आउटस्टँडिंग अमाउंट’. कुणी ‘आउटस्टँडिंग रक्कम’ म्हणतं, कुणी नुसतं ‘आउटस्टँडिंग’. बोलताना आपण ती भराभर वापरतो. लिहिताना मात्र दहापैकी सहा वह्यांत ती चुकीच्या जागी सापडते. मी हे ठामपणे सांगू शकते, कारण त्या सहांपैकी एक वही माझी स्वतःची होती.

तेव्हा मी गटाची सचिव होते. आमच्या गटाने बँकेकडून १,२०,००० रुपये कर्ज घेतलेलं. २४ महिने मुदत, दर महिन्याला ५,००० मुद्दल आणि वर व्याज. एकवीस हप्ते वेळेवर गेले होते. एकही चुकला नव्हता, आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. तीनच हप्ते राहिले म्हणून मे महिन्यातच पुढच्या कर्जाचा प्रस्ताव तयार केला. त्याला जोडायचा ठराव मी लिहिला: “गटाचे पहिल्या कर्जाचे १५,००० रुपये आउटस्टँडिंग थकीत असून ते लवकरच भरण्यात येतील. तरी नवीन कर्ज मिळावे.” खाली आम्हा दहाजणींच्या सह्या. वाचून दाखवला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, छान झालाय, इंग्रजी शब्दसुद्धा आलाय.

जुलैत फाइल परत आली. वर चिठ्ठी होती: थकबाकीदार गट, वसुलीनंतर विचार करावा.

बँकेत अधिकारी नवे आले होते. त्यांनी संगणकावर आमचं खातं उघडून पाहिलं असतं तर एकही हप्ता थकलेला नाही हे दिसलं असतं, असं मला आजही वाटतं. पण त्यांच्या बाजूनेही बघा. गट स्वतःच्या ठरावात स्वतःच्या सह्यांनी ‘थकीत’ म्हणून लिहून देतोय, मग ते तरी दुसरं काय समजणार? पुन्हा बैठक घेतली, पुन्हा ठराव लिहिला. दोघी माहेरी गेलेल्या, त्यांच्या सह्यांसाठी थांबलो. पैसे हातात आले तेव्हा ऑगस्ट अर्धा सरला होता. पेरणी काही कुणासाठी थांबत नाही. आमच्यातल्या एका ताईने सोयाबीनच्या बियाण्यासाठी आपली बोरमाळ गहाण टाकली होती. ती सोडवायला तिला पुढची दिवाळी गाठावी लागली. ती मला कधी काही बोलली नाही. पण शब्द माझ्या हातचा होता.

चूक कुठे होती? ‘आउटस्टँडिंग’ आणि ‘थकीत’ हे एकच, असं मी धरून चालले होते. प्रशिक्षणात, आढावा बैठकीत, जिथे-तिथे हा शब्द ‘वसुली’ या शब्दाशेजारीच ऐकलेला, म्हणून त्याचा वास मला वाईटच लागला. खरं तर कर्ज घेतल्या दिवसापासून ते पूर्ण फिटेपर्यंत जे काही फेडायचं राहिलेलं असतं, ते सगळं आउटस्टँडिंग. त्यातलं काही अजून भरायची वेळच आलेली नसते. कर्ज उचललं त्या दिवशी आमचं आउटस्टँडिंग १,२०,००० होतं. म्हणून काय आम्ही पहिल्याच दिवशी थकबाकीदार झालो?

थकलेल्या पैशाला बँकेचा वेगळा शब्द आहे, ‘ओव्हरड्यू’. भरायची तारीख उलटून गेली आणि तरी भरलं नाही, तेवढंच ओव्हरड्यू. त्या दोघांच्या मध्ये ‘ड्यू’ आहे: या तारखेला भरायचा हप्ता. मराठीत सांगायचं तर आउटस्टँडिंग म्हणजे येणे बाकी किंवा देणे बाकी, ड्यू म्हणजे देय हप्ता, आणि ओव्हरड्यू म्हणजे थकबाकी.

आकड्यांत पाहू, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. तेच कर्ज धरा: १,२०,००० रुपये, महिन्याला ५,००० मुद्दल. व्याज सध्या बाजूला ठेवू. दहा महिने झाले. पहिल्या गटाने दहाही हप्ते भरले. त्यांचं आउटस्टँडिंग ७०,०००, ओव्हरड्यू शून्य. दुसऱ्या गटाने आठच भरले. त्यांचं आउटस्टँडिंग ८०,०००, ओव्हरड्यू १०,०००. तिसऱ्या गटाला दुधाचे पैसे आले म्हणून त्यांनी दोन हप्ते आगाऊ भरले. त्यांचं आउटस्टँडिंग ६०,०००, ओव्हरड्यू शून्य. आता पहिल्या आणि दुसऱ्या गटाकडे बघा. आउटस्टँडिंगमध्ये फरक फक्त दहा हजारांचा. पण एक गट नियमित आणि दुसरा थकीत. नुसता आउटस्टँडिंगचा आकडा सांगून गट चांगला की वाईट ते कळत नाही. ते कळतं ओव्हरड्यूवरून.

दोन्ही आकडे एक कधी होतात? मुदत संपल्यावर. चोविसावा महिना उलटला आणि १०,००० राहिलेच, तर तेच आउटस्टँडिंग आणि तेच ओव्हरड्यू. माझ्या त्या ठरावातलं वाक्य तेव्हाच खरं ठरलं असतं.

बँकेला या फरकाची एवढी काळजी का, तेही माहीत असू द्या. मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं. एकदा तो शिक्का बसला की पुढचं कर्ज अवघड. उमेदच्या व्याज सवलतीतसुद्धा वेळेवर फेडणाऱ्या गटाची वेगळी गणना होते. आउटस्टँडिंग लाखात असलं तरी त्याने यातलं काही बिघडत नाही. ओव्हरड्यू पाच हजार असलं तरी बिघडतं.

कॅश क्रेडिटचं खातं असलेल्या गटांनी इथे जास्त सावध राहायचं. या खात्यात ठरलेला हप्ता नसतो, एक मर्यादा असते. समजा मर्यादा ३,००,००० आहे आणि तुम्ही १,८०,००० उचलले आहेत. आउटस्टँडिंग झालं १,८०,०००. अजून १,२०,००० उचलता येतील. पासबुकात त्या १,८०,००० च्या पुढे ‘डीआर’ असं लिहिलेलं असतं, किंवा आधी उणे चिन्ह असतं. ते पाहून बऱ्याच जणी घाबरतात. डीआर म्हणजे एवढं बँकेला देणं आहे, इतकंच. बचत खात्यात ‘सीआर’ असतं, म्हणजे एवढे पैसे आपले जमा आहेत. कॅश क्रेडिटमध्ये आउटस्टँडिंग मर्यादेच्या आत असेल, दर महिन्याला खात्यात काहीतरी जमा होत असेल आणि लागलेलं व्याज त्या जमेतून भागत असेल, तर खातं सुरळीत आहे. म्हणून अशा गटाने “आमचे १,८०,००० रुपये थकले आहेत” असं कधीही लिहू नये. “दिनांक अमुक रोजी कॅश क्रेडिट खात्यातील आउटस्टँडिंग रक्कम १,८०,००० रुपये असून ती मंजूर मर्यादेच्या आत आहे” असं लिहावं. हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलंत तरी चालेल.

आता वाक्यातल्या बारीक गोष्टी.

तारखेशिवाय आउटस्टँडिंग लिहू नका. हा आकडा रोज बदलणारा असतो. आज हप्ता गेला की कमी होतो, महिनाअखेर व्याज पडलं की वाढतो. “गटाचे आउटस्टँडिंग ७०,००० आहे” हे वाक्य तीन महिन्यांनी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. “दिनांक ३१ मार्च अखेर” हे शब्द आणि वर्ष घाला, मग बघा वाक्य कसं उभं राहतं. त्यातच मुद्दल की व्याजासह, तेही लिहा. एखादा गट मेसेजातला आकडा पाहून तेवढेच पैसे भरतो आणि कर्ज फिटलं म्हणून पेढे वाटतो. नंतर कळतं, शेवटच्या काही दिवसांचं व्याज राहिलंय. शे-दीडशे रुपयेच, पण ते मात्र आता खरोखर ओव्हरड्यू व्हायला लागतात. म्हणून कर्ज बंद करायला जाल तेव्हा “आउटस्टँडिंग किती?” एवढंच विचारू नका. “आज खातं बंद करायला व्याजासकट एकूण किती भरायचे?” असं विचारा, आणि भरल्यावर ‘नो ड्यूज’चा दाखला मागून घ्या.

दुसरं, कुणाचं कुणाकडे? इंग्रजी शब्द ही गोष्ट पोटात लपवतो. बँक म्हणते “येणे बाकी”, कारण तिला आपल्याकडून यायचे आहेत. तोच शब्द आपण आपल्या वहीत उचलला तर अर्थ उलटतो. वाचणाऱ्याला वाटेल, बँकच आपलं देणं लागते! आपल्या वहीत बँकेचं कर्ज हे देणे, आणि सभासदांकडे गेलेलं कर्ज हे येणे. दोन्ही आउटस्टँडिंगच. म्हणून नुसतं “आउटस्टँडिंग १,१०,०००” लिहिणं म्हणजे घरात “तिला सांग” म्हणण्यासारखं आहे. कोणती ती? “सभासदांकडून येणे असलेली आउटस्टँडिंग रक्कम १,१०,००० रुपये, बँकेला देणे असलेली आउटस्टँडिंग रक्कम ७०,००० रुपये” असं पूर्ण लिहा. जागा थोडी जास्त जाते, जाऊ द्या.

‘शिल्लक’ शब्दाचंही असंच. काही वह्यांत कर्जाच्या पानावर “शिल्लक ७०,०००” लिहिलेलं दिसतं. ऑडिटला आलेल्या माणसाला ती हातशिल्लक वाटली तर तो रोख मोजायलाच मागेल. कर्जाबाबत लिहायचंच असेल तर “कर्ज बाकी” लिहा. शिल्लक हा शब्द रोख आणि बँक जमेसाठी राखून ठेवा.

व्याकरणाचं थोडं. ‘रक्कम’ स्त्रीलिंगी आणि एकवचनी, म्हणून “आउटस्टँडिंग रक्कम ७०,००० रुपये आहे”. रुपयांना पुढे आणलं तर “७०,००० रुपये आउटस्टँडिंग आहेत”. दोन्ही बरोबर, फक्त एकाचं शेपूट दुसऱ्याला लावू नका. आणि ‘रक्कम’ला प्रत्यय लागला की मधला जोड सुटतो: रकमेचा, रकमेवर, रकमेतून. “रक्कमेचा दाखला” असं मी तालुक्याच्या छापील पत्रकातही पाहिलंय, तेव्हा आपलीच चूक होते असं नाही.

“आउटस्टँडिंग बाकी” असंही लिहू नका. तो पिवळा पीतांबर झाला. आउटस्टँडिंग म्हणजेच बाकी. “ड्यू डेटची तारीख” हेही त्यातलंच.

आउटस्टँडिंगला क्रियापदं कोणती लागतात तेही कानाला सवयीचं करून घ्या. आउटस्टँडिंग असतं, राहतं, कमी होतं, वाढतं, फिटतं. ते ‘थकत’ नाही आणि ‘चुकत’ नाही. थकतो हप्ता. चुकते तारीख. “आउटस्टँडिंग थकले” असं वाक्य हातून उतरलं की पेन थांबवायचं आणि स्वतःला विचारायचं, तारीख उलटली आहे का? उलटली असेल तर “थकबाकी” किंवा “ओव्हरड्यू” लिहा, लपवू नका. उलटली नसेल तर ‘थकले’ खोडा.

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ मराठीच लिहावं, असं कुणी म्हणेल. माझंही मत तेच आहे. “दिनांक ३१ मार्च अखेर गटाचे बँकेला देणे असलेले कर्ज ७०,००० रुपये, थकबाकी नाही” हे वाक्य कुठल्याही साहेबाला कळतं. पण फॉर्मात रकाना इंग्रजीत असतो आणि मेसेज इंग्रजीत येतो, तेव्हा शब्दाची ओळख असायलाच हवी. आणि परक्या शब्दाचा एवढा संकोचही नको. बाकी, कर्ज, रक्कम, हप्ता हे शब्दही एके काळी अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. आता ते आपल्या घरचे झालेत. त्यांचा अर्थ नेमका ठाऊक आहे म्हणून ते कुणाचं नुकसान करत नाहीत.

नुकसान फक्त बँकेतच होतं असंही नाही. एका ग्रामसंघाच्या बैठकीत यादी वाचली गेली, शीर्षक होतं “आउटस्टँडिंग असलेल्या महिला”. खरं तर कर्ज चालू असलेल्या सगळ्यांची ती साधी यादी होती. पण वाचणारीने वाचलं ते वसुलीच्या सुरात. दारात एकीची सासू उभी होती. सुनेने हप्ता एकदाही चुकवलेला नव्हता, तरी घरी जाऊन महाभारत झालं, आणि ती ताई पुढच्या दोन बैठकांना आली नाही. नंतर अध्यक्षांनी तिच्या घरी जाऊन कर्ज खातेवही उघडून दाखवली, तेव्हा सासूबाईंचं समाधान झालं. त्या यादीला “कर्ज चालू असलेल्या सभासद” असं नाव दिलं असतं तर हे घडलंच नसतं. थकबाकीची यादी वेगळी काढा, आणि ती मोठ्याने वाचायची की संबंधित ताईशी बाजूला बसून बोलायचं, हे गटाने ठरवावं. मला विचाराल तर बाजूला बसून.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो सांगते आणि थांबते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात किंवा गटाच्या प्रमाणपत्रावर ‘आउटस्टँडिंग’ आलं तर त्याचा पैशाशी संबंध नाही. तिथे अर्थ उत्कृष्ट, उठून दिसणारं. आमच्या शेजारच्या ताई मुलीचं प्रगतिपुस्तक घेऊन धावत आल्या होत्या, “अहो, फी तर सगळी भरली होती, मग बाकी कसली काढली यांनी?” पोरगी वर्गात पहिली आली होती.

आता चार वाक्यं देते. बैठकीत वाचा, आणि दुरुस्ती आधी आपली आपण करून पाहा.

एक: “गटाचे आउटस्टँडिंग बाकी ४०,००० आहे.”
दोन: “गटाने सर्व हप्ते वेळेवर भरले असून ४०,००० रुपये थकीत आहेत.”
तीन: “जून आणि जुलैचे हप्ते न भरल्यामुळे १०,००० रुपये आउटस्टँडिंग झाले.”
चार: “आउटस्टँडिंग रक्कमेचा दाखला मिळावा.”

पहिल्यात ‘बाकी’ जास्तीचं आहे, तारीख नाही आणि कुणाला देणे तेही नाही. असं हवं: “दिनांक ३० सप्टेंबर अखेर गटाकडून बँकेला देणे असलेली आउटस्टँडिंग रक्कम ४०,००० रुपये (मुद्दल) आहे.” पुढे वर्ष घाला. दुसऱ्यात माझीच जुनी चूक आहे. सगळे हप्ते वेळेवर भरले तर थकीत काही उरतच नाही. “गटाने सर्व हप्ते वेळेवर भरले असून कर्जाची बाकी ४०,००० रुपये आहे, थकबाकी नाही.” तिसऱ्यात उलटं झालंय. तारखा उलटून गेल्यात, म्हणून तिथे ‘ओव्हरड्यू’ किंवा ‘थकबाकी’च पाहिजे. आउटस्टँडिंग या दोन हप्त्यांपुरतं नाही, ते सगळ्या उरलेल्या कर्जाचं. चौथ्यात ‘रकमेचा’ करा, आणि कोणत्या कर्जाचा व कोणत्या तारखेचा दाखला हवा ते जोडा: “गटाच्या मुदत कर्ज खात्यातील दिनांक ३१ मार्च अखेरच्या आउटस्टँडिंग रकमेचा दाखला मिळावा, ही विनंती.” वर्ष आणि खाते क्रमांक लिहायला विसरू नका. दाखला हातात आला की बँकेच्या काउंटरवरच उभं राहून आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. फरक दिसला तर तिथेच विचारा, घरी येऊन एकमेकींना विचारत बसू नका.